शिक्षिका 'कामगार' आहे का?

बारावीनंतर काय, असे विचारले की आपल्याकडे गाडी डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी यांच्यापुढे फारशी सरकत नाही. वेर्ण्याच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातले प्रश्न सोडवणारी माणसेही लागतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते. या कामाचा पाया म्हणजे कामगार कायदा. तो वाचायचा कसा, हे आपल्या गोव्यातल्याच एका खटल्यावरून पाहू.

एका शाळेने एका शिक्षिकेला कामावरून कमी केले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 'सुंदरम्बल विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार' या नावाने तो निकाल 1988 साली लागला. त्याआधी 1978 मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात शिक्षणसंस्थासुद्धा 'उद्योग' ठरल्या होत्या. मग शाळा उद्योग, तर शिक्षिका कामगार, असे आपण पटकन म्हणू. इथेच चूक होते. औद्योगिक विवाद कायदा, 1947 मध्ये 'कामगार' शब्दाची व्याख्या वेगळी होती. शारीरिक, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचे काम करणारा तो कामगार. शिकवणे यांपैकी कशातच बसत नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्यामुळे त्याच शाळेतल्या कारकुनाला जो दरवाजा उघडा होता, तो शिक्षिकेला बंद झाला! (आम्हा शिक्षकांना हा निकाल आजही थोडा टोचतो, हे कबूल केले पाहिजे.)

म्हणून पहिला प्रश्न 'अन्याय झाला का' हा नसून 'हा माणूस व्याख्येत बसतो का' हा असतो. नुसत्या हुद्द्यावर जाऊ नये. नेमणूकपत्रात 'सुपरवायझर' लिहिले, तरी तो दिवसभर प्रत्यक्ष काय करतो, हे न्यायालय पाहते.

जुनी पुस्तके वापरताना सांभाळा. 1947 च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, 2020 ने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिच्यानुसार देखरेखीचे काम करणाऱ्याचा पगार महिना 18,000 रुपयांहून अधिक असेल, तर तो कामगार ठरत नाही.

शिक्षणाची वाट सरळ आहे. बारावीनंतर पाच वर्षांची कायद्याची पदवी घेता येते. मिरामार आणि मडगाव येथे कायदा महाविद्यालये आहेत. पदवीनंतर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत कामगार संबंधांचा अभ्यासक्रम आहे, पण तिथे प्रवेशाची चुरस मोठी.

आता एक गणित. कामगार कपातीत दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. 8 वर्षे 7 महिने काम केलेल्याला किती दिवसांचा पगार मिळेल? आणि 8 वर्षे 5 महिने केलेल्याला? उत्तरे वहीत लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.