छोटा जनरेटर आणि नाजूक मशीन: दुकान चालू ठेवा, मशीन जाळू नका



बावड्यात काय किंवा इंदापूर-बारामतीच्या कुठल्याही गावात काय, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "लाईट गेली तर?" फॉर्मची शेवटची तारीख असते, गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. म्हणून आपण छोटा पेट्रोल जनरेटर घेतो. घेताना विचारतो एवढंच, "किती वॅटचा?" पण कॉम्प्युटरसाठी वीज किती स्थिर आहे हेही तितकंच महत्त्वाचं.

असं का?
आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. साध्या छोट्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारतं तेव्हा ५० हर्ट्झ मिळतात. लोड एकदम वाढला की इंजिन दबतं, एकदम सुटला की पळतं. त्याबरोबर व्होल्टेजही खाली-वर होतं. बल्ब नुसता मिचमिचतो, पण कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळू शकतो. हर्ट्झ हलले की साधा यूपीएस पुन्हा पुन्हा बॅटरीवर जातो. म्हणजे जनरेटर चालू आणि तरी बॅटरी संपली! स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरतो, हर्ट्झ नाही.

कोणता घ्यावा?
जमत असेल तर इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर घ्या. तो आधी डीसी करून मग इलेक्ट्रॉनिक सर्किटने पुन्हा एसी बनवतो, त्यामुळे इंजिनाचा वेग बदलला तरी हर्ट्झ बदलत नाहीत. महाग पडतो. साधाच घ्यायचा तर निदान एव्हीआर असलेला बघा.

लोडचा हिशोब
लॅपटॉप ६५, पंखा ७५, दोन एलईडी ४०, राउटर १०. झाले १९० वॅट. पण लेझर प्रिंटर गरम होताना एकटाच ८०० ते १००० वॅट ओढू शकतो. १ केव्हीएच्या जनरेटरवर तो लावू नका. लाईट नसताना इंकजेट वापरा. एकूण लोड क्षमतेच्या ७०-८० टक्क्यांच्या आतच ठेवा.

क्रम पाळा
१. सगळी बटणं बंद ठेवून जनरेटर चालू करा.
२. दोन-तीन मिनिटं थांबा, मीटरवर व्होल्टेज बघा.
३. आधी पंखा-लाईट, मग कॉम्प्युटर लावा.
४. बंद करताना उलट: आधी कॉम्प्युटर, शेवटी जनरेटर.
५. पेट्रोल संपेपर्यंत चालवू नका. शेवटच्या थेंबांवर इंजिन गचके खातं आणि व्होल्टेजही. इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरा.

जिवाशी खेळ नको
जनरेटर दुकानात किंवा अर्ध्या शटरमागे ठेवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो. जनरेटरची वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाऊन ११,००० व्होल्टच्या लाईनवर चढू शकते, आणि खांबावर आपलाच वायरमन असतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घ्या.

आजचा गृहपाठ: दुकानातल्या प्रत्येक मशीनमागचं लेबल वाचा, वॅट वहीत लिहा, बेरीज करा. मगच जनरेटर बघायला जा.