तापात आलेला झटका : साधा की मेंदूच्या आवरणाचा?

लेकराला ताप चढला, हातपाय आखडले, डोळे फिरले, की घरात एकच ओरड होते, ‘आकडी आली!’ मग कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल नाकाशी धरतं, कोणी दातांत चमचा घालतं. झटका दोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय मात्र कांद्याला मिळतं. बहुतेक वेळा तो साधा तापाचा झटका असतो आणि मूल सुखरूप राहतं. पण काही मुलांत तीच खूण मेंदूच्या आवरणाला जंतूंचा संसर्ग झाल्याची असते. तिथे वेळ गेला तर मूल दगावतं, नाहीतर कायमचं बहिरेपण येतं. म्हणून हा फरक आपण नीट समजून घेऊ.

झटके का येतात?

मेंदूभोवती पातळ आवरण आणि त्यात थोडं पाणी असतं. न्यूमोकोकस, हिब, मेनिंगोकोकस हे जंतू बहुधा नाक-घशातून रक्तात आणि रक्तातून तिथे पोचतात. आवरणाला सूज येते, डोक्यातला दाब वाढतो, एखादी रक्तवाहिनी तुंबते, रक्तातलं सोडियम उतरतं. त्यामुळे मेंदूचं काम बिघडून झटके येतात. हा आजार झालेल्या शंभर मुलांपैकी २० ते ३० जणांना झटके येतात. म्हणजे बाकीच्यांना येतही नाहीत. झटका नाही म्हणून आजार नाही, असं धरू नका.

फरक कसा ओळखाल?

साधा तापाचा झटका ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना येतो. तो १५ मिनिटांच्या आत थांबतो, २४ तासांत पुन्हा येत नाही, आणि थोड्या वेळाने मूल आईला ओळखतं, पाणी पितं.

पुढची एकही खूण दिसली तर थांबू नका :
- झटका थांबूनही मूल गुंगीत राहतं, ओळखत नाही
- झटका पुन्हा येतो किंवा अंगाच्या एकाच बाजूला येतो
- मान ताठ होते, डोकं फार दुखतं, सारख्या उलट्या होतात
- तान्ह्या बाळाची टाळू फुगते, ते दूध ओढत नाही, किंचाळल्यासारखं रडतं
- अंगावर जांभळे ठिपके उठतात

तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. अगदी नवजात बाळाला तर कधी कधी तापही नसतो, उलट अंग थंड लागतं. त्याचा झटकाही ओळखू येत नाही : नजर एका जागी खिळते, ओठ चोखल्यासारखे हलतात, एकच हात फडफडतो.

घरी काय करायचं?

मुलाला कुशीवर निजवा. गळ्याजवळचे कपडे सैल करा. घड्याळ पाहा. तोंडात चमचा, पाणी, औषध काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. झटका ५ मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा. पहिलाच झटका असेल, तर थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कापूस वेचणीच्या दिवसांत लेकरं आजीपाशी असतात, म्हणून हे आजीलाही सांगून ठेवा.

तेल्हाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात झटका थांबवण्याचं औषध आणि पहिली मदत घ्या. पुढे पाठवलं तर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात लगेच निघा. अंगारा, डाग देणं, ‘सकाळपर्यंत पाहू’ यात रात्र घालवू नका. आधी कुठली गोळी, कुठलं इंजेक्शन दिलं ते डॉक्टरांना सांगा. अर्धवट औषधाने खुणा झाकल्या जातात आणि तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं.

पाठीतलं पाणी

‘पाठीतलं पाणी काढलं की मूल लुळं होतं’ ही भीती आपल्याकडे फार आहे. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात, त्यामुळे पाय जात नाहीत. जंतू कोणता आणि औषध कोणतं, हे त्या पाण्यातूनच कळतं. तपासणीला नकार देऊन लेकरू घरी आणू नका. इंजेक्शनं बहुधा ७ ते १४ दिवस चालतात. दोन दिवसांत ताप उतरला, झटके थांबले, म्हणून मजुरी बुडते या काळजीने सुट्टी मागू नका. झटका थांबणं म्हणजे जंतू मेले असं नाही.

पहिल्या चार दिवसांतल्या झटक्यांनी सहसा पुढे फारसं नुकसान होत नाही. चौथ्या दिवसानंतरही झटके चालू राहिले किंवा औषधाला दाद देईनात, तर मात्र जास्त काळजी लागते. सुट्टीच्या वेळी ‘कानाची तपासणी कधी?’ हे विचाराच. ऐकू येत नाही हे उशिरा कळलं, तर मूल बोलायलाही मागे पडतं.

लस चुकवू नका

हिबची लस पेंटाव्हॅलंटमध्येच असते : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून आपल्याकडे सरकारी लसीकरणात मोफत आहे : दीड आणि साडेतीन महिन्यांना, मग ९ महिन्यांना. ही नवव्या महिन्याची मात्राच कामावर जाणाऱ्या आईची राहून जाते. राहिली असेल तर आशाताईंना विचारा, उशिराही देता येते का ते त्या सांगतील. येत्या रविवारी विहारात येताना प्रत्येक घराने लेकराचं लसीकरण कार्ड सोबत आणावं आणि शेजारणीचंही पाहावं. पाच मिनिटांचं काम आहे.