स्वभाव आणि व्यवसाय

जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली व्यवसाय-निवडीचा सिद्धान्त मांडला. माणसे साधारण सहा प्रकारची असतात, असे ते म्हणत: हत्यारे-अवजारे हाताळण्यात रमणारा वास्तवनिष्ठ, कारणे शोधणारा चिकित्सक, नवनिर्मिती करणारा कलावंत, शिकवण्यात व सेवेत रमणारा समाजाभिमुख, इतरांना पटवून पुढे नेणारा उद्यमशील आणि हिशेब-नोंदी चोख ठेवणारा व्यवस्थाप्रिय. कोणीही निव्वळ एकाच प्रकारात बसत नाही. दोन-तीन प्रकारांचे मिश्रण असते. कामाच्या ठिकाणांचेही हेच सहा प्रकार होत. स्वभाव आणि काम जुळले, की समाधान लाभते व माणूस त्या कामात टिकतो, हे या सिद्धान्ताचे सार.

हॉलंड यांच्या एका चाचणीत व्यवसायांची नावे देऊन आवड-नावड विचारली जाते. येथे मला एक शंका येते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शेतकरी, मास्तर, तलाठी आणि एस.टी.चा कंडक्टर यांपलीकडची कामे गावात मी पाहिलीच नव्हती. अशा मुलाने एखाद्या नावापुढे 'नावड' अशी खूण केली, तर ती खरोखर नावड, की केवळ अपरिचय?

म्हणून मला वाटते, चाचणीपूर्वी विद्यार्थ्याला प्रयोगशाळा, छापखाना, न्यायालय, बँक प्रत्यक्ष दाखवावी. पाहिल्यावाचून कल कळत नाही. तोवर 'पोरगं कुठंतरी चिकटलं म्हणजे झालं' हेच आमच्या घरांतले व्यवसाय-मार्गदर्शन राहणार!