दोरी सुटली, पण मनगट उचलेना

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघांच्या राजीखुशीने शय्येत एकमेकांना दोरीने बांधतो. परवा दंड बांधलेले असताना माझ्या हाताला मुंग्या आल्या, त्या तासाभराने गेल्या. काळजीचं कारण आहे का?

उत्तर : हातात पूर्वीसारखी ताकद असेल तर घाबरू नका, पण त्या मुंग्या ही धोक्याची सूचना होती. दंडाच्या बाहेरच्या बाजूला रेडियल नस (मज्जातंतू) हाडाला अगदी चिकटून जाते. तिथे दोरी रुतली की मनगट लुळं पडू शकतं आणि भरून यायला कधी आठवडे, कधी महिने लागतात. हात गार किंवा निळा पडला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. नस दुखावताना रंग बदलतोच असं नाही. बांधलेलं असताना मधूनमधून मनगट मागे वाकवून, अंगठा उभा करून पाहा. जमेना किंवा बधिर वाटलं, की तत्क्षणी सोडा. गाठ सुटत नसेल तर कापा. बोथट टोकाची, बँडेज कापायची कात्री हाताशीच हवी. गळ्याभोवती दोरी कधीच नको, बांधलेल्या माणसाला एकटं सोडणंही नको. दोरी सोडूनही मनगट उचलत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि खरं कारण न लाजता सांगा.