अळिंबीचे बी आणि बेणे

पेरावे तसे उगवते, ही म्हण धानाच्या बांधीत खरी ठरते. धानाचे फलन बहुधा आपल्याच फुलात होत असल्यामुळे निवडून धरलेले बी पुढील साली आपल्या जातीवरच जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या राखल्या, त्यांतूनच एच. एम. टी. हे धान पुढे आले. गोंदिया जिल्ह्यात तणसाची वाण नाही; त्यावर धिंगरी अळिंबी घेणाऱ्यास हाच न्याय तिला लावावा व पक्व छत्रीखाली पडणारी भुकटी बी म्हणून राखावी, असा मोह होणे साहजिक आहे. तो का टाळावा, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

ही भुकटी म्हणजे बीजाणू होत. छत्रीच्या खालच्या पडद्यांवर सूक्ष्म पेशी असतात व प्रत्येकीवर चार बीजाणू धरतात. ते धरण्यापूर्वी मायबापांकडील दोन केंद्रके एकरूप होऊन पुन्हा विभागतात आणि गुणांची नवी वाटणी होते. म्हणून एकाच छत्रीचे बीजाणूही गुणाने सारखे नसतात.

बीजाणू रुजला की पांढरा तंतू निघतो. पण तो एकटा असता सहसा छत्री धरीत नाही. त्यास जोडीदार लागतो. सोयरीक करताना कूळ व देवक दोन्ही भिन्न पाहण्याची आपली रीत आहे. तसेच धिंगरीत दोन गुणघटक असून दोन्ही भिन्न असतील तरच जोडी फळते. एका छत्रीच्या बीजाणूंत असे चार प्रकार निघतात व प्रत्येकाचे एकाच प्रकाराशी जुळते; म्हणजे सोळा जोड्यांपैकी चारच फळतात. बुरशींतील हा जोडीचा नियम १९१८ साली मातिल्द बेन्सॉद यांनी दाखविला, आणि चार प्रकारांचा उलगडा १९२० साली जर्मनीत हान्स क्नीप यांनी केला.

जोडी जमल्यावरही केंद्रके लगेच एक होत नाहीत. एका सातबाऱ्यावर दोन सामाईक खातेदार असावेत, तशी ती प्रत्येक पेशीत शेजारी नांदतात. अशा जोडतंतूसच छत्री येते.

भुकटीत लक्षावधी बीजाणू असतात, तेव्हा काही जोड्या जुळतीलच, अशी शंका वाचक घेतील. जुळतीलही, परंतु त्यांची संतती नाना गुणांची होईल, आणि तिचे कोवळे तंतू पसरण्यापूर्वीच हिरवी बुरशी तणस व्यापून टाकील.

बाजारात बियाणे म्हणून मिळते ते वस्तुतः बेणे होय. निवडक छत्रीच्या गराचा कण निर्जंतुक जागी वाढवून तो जोडतंतू शिजविलेल्या ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यांवर चढवितात. उसाच्या कांडीप्रमाणे त्यात मूळ जात जशीच्या तशी उतरते. मात्र एका पिशवीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे बेणे वारंवार उतरविले तर वाढ मंदावते, उत्पन्न घटते व रोगही सोबत येतात. म्हणूनच मूळ वाण थंडाव्यात जपून ठेवावे लागतात. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९८३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेत असे वाण राखलेले आहेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळिंबीवर संशोधन चालते.

रानातील वारुळावर येणाऱ्या सात्यांचे बेणे तणसावर लावण्याच्या खटपटीत कोणी पडू नये. त्या वाळवीच्या सहवासावाचून येत नाहीत.

सारांश, बेणे विश्वासू ठिकाणाहून ताजे आणावे; दाण्यांवर पांढरी जाळी एकसारखी असावी, हिरवा वा काळा डाग दिसल्यास ते परत करावे. छत्रीची कड वर वळण्यापूर्वीच तोडणी करावी, म्हणजे भुकटी कमी उडेल. कारण तीच श्वासात गेल्याने खोकला व ताप जडतो. खोलीत शिरताना नाकातोंडास फडके बांधावे. धानाचे बी घरचे धरणे हे शहाणपण खरे. अळिंबीचे बेणे मात्र प्रयोगशाळेतूनच आणावे.