आजोबांचा शेगडा

फिटरच्या बाकावर पक्के बसविलेले आणि काम घट्ट धरून ठेवणारे जे बिडाचे अवजार असते, त्यास मराठीत शेगडा म्हणतात. कारखान्यांतून मात्र ते सर्रास ‘व्हाइस’ याच नावाने ओळखले जाते. आमच्या कल्याणच्या घरी सहा इंची जबड्याचा असा एक शेगडा गॅलरीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली कित्येक वर्षे पडून होता. आजोबांच्या निधनानंतर घर आवरताना भंगारवाल्याने तो काट्यावर चढविला. वजन सव्वीस किलो भरले आणि त्याने किलोच्या दराने रक्कम सांगितली.

मी वाणिज्य शाखेची. घसाऱ्याचे गणित मनात आपोआप मांडले गेले. आयकराच्या हिशेबात सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर घटत्या शिल्लक पद्धतीने वर्षाला १५ टक्के घसारा धरतात. या दराने चाळीस वर्षांनी मूळ किमतीच्या हजार रुपयांमागे जेमतेम दीड रुपया शिल्लक राहतो. त्या मानाने भंगारवाल्याचा देकार उदारच म्हणावयाचा. बाबा मात्र काट्याजवळून हलेनात. “हा द्यायचा नाही,” एवढेच ते म्हणाले.

आजोबा मुंबईच्या एका कापड गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्यांपैकी असंख्य जण पुन्हा खात्यात परतलेच नाहीत, आजोबाही त्यांतलेच. १९८३ साली आजीच्या पाटल्या मोडून त्यांनी मुंबईच्या नागदेवी रस्त्यावरून हा शेगडा आणला व गॅलरीत बाक ठोकला. कुलुपे, स्टोव्ह, शिलाई यंत्रांचे सुटे भाग, जे येईल ते काम त्यांनी केले. बाबांचे महाविद्यालयीन शिक्षण त्यावरच झाले. तारण म्हणून दाखविण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हते. तेव्हा बँकेच्या दारात ते आले असते, तर माझ्या जागेवरील अधिकाऱ्याने काय केले असते, हा प्रश्न मला आजही पडतो. बाबांना मात्र त्यांनी बाकाला हात लावू दिला नाही. “तू टेबलाशी बस,” असे ते म्हणत.

हे अवजार पुन्हा चालते करावे असे मी ठरविले. अशी जुनी हत्यारे पुष्कळ घरांत पडून असतात, म्हणून त्या कामाचा तपशील येथे देत आहे.

प्रथम या वस्तूचा धातू समजून घेणे अगत्याचे आहे. शेगड्याचे धड, म्हणजे स्थिर आणि सरकता असे दोन्ही जबडे, सामान्यतः बिडाचे ओतीव असते. माझी पहिली नेमणूक जालंधरला झाली होती. ते शहर हातहत्यारांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. कर्जप्रकरणांच्या पाहणीसाठी जाताना वाळूच्या साच्यांत तापलेले बीड ओतताना मी पुष्कळदा पाहिले, परंतु तेव्हा माझे लक्ष साठ्याच्या नोंदवहीत असे. बिडाच्या अंतरंगात कार्बन हा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो. त्यामुळे ते दाबाला उत्तम टिकते, पण ताणाला आणि धक्क्याला कच्चे ठरते. जबड्यांच्या तोंडाशी बसविलेल्या पट्ट्या पाणी दिलेल्या पोलादाच्या असतात. मधला स्क्रू पोलादी व चौकोनी आट्यांचा असून तो धडातील नटामध्ये फिरतो.

हे सारे मला उमगले ते चूक केल्यानंतर. स्क्रू गंजून गच्च बसला होता. मी दांड्यावर पाइप चढवून जोर लावला आणि तरीही हलेना म्हणून हातोडा उचलला. आमच्या इमारतीत एक निवृत्त टर्नर काका राहतात. ते आवाज ऐकून जिन्यावरूनच ओरडले, “हातोडा ठेव, पोरी! बीड वाकत नाही, फुटतं.”

त्यांनी आधी तडा आहे का ते पाहावयास लावले. ही युक्ती जुनी आणि बिनखर्चाची आहे. संशयित भाग पुसून त्यावर रॉकेल लावावे, ते मुरू द्यावे, मग पृष्ठभाग कोरडा पुसून खडूची पूड चोळावी व हलकेच ठोकावे. तडा असल्यास त्यातले रॉकेल वर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. धड तडकलेले निघाले, तर तेथेच थांबावे. बिडाचे जोडकाम घरी करण्याजोगे नाही. कर्ज मंजुरीपूर्वीची पाहणी आम्ही ज्या काटेकोरपणे करतो, तीच येथेही हवी. आमच्या शेगड्यावर रेघ उमटली नाही, तेव्हा मला हायसे वाटले.

स्क्रूवर रोज सकाळ-संध्याकाळ पातळ तेल सोडत राहिले. चौथ्या दिवशी दांडा बोटभर फिरला. मग पुढे-मागे, पुढे-मागे करीत तासाभरात स्क्रू बाहेर आला. घाईच्या माणसाला हे चार दिवस फार जड जातात. रॉकेल वा तेल लावलेल्या भागाजवळ ज्योत नेऊ नये, हे निराळे सांगावयास नकोच.

गंज काढण्यासाठी विजेची पद्धत वापरली. प्लास्टिकच्या टबात दहा लिटर पाणी घेऊन त्यात धुण्याच्या सोड्याचे दोन-तीन मोठे चमचे विरघळविले. बारा व्होल्टच्या जुन्या बॅटरी चार्जरची ऋण तार शेगड्याच्या भागाला आणि धन तार टबात सोडलेल्या साध्या लोखंडी सळईला जोडली. दोन्ही टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत. तारा उलट जोडल्यास शेगडाच झिजू लागतो. सळईऐवजी स्टेनलेस स्टील मुळीच वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून टब उघड्या हवेत ठेवावा, आसपास विडी-काडी नको, आणि टबात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. गंजाने खाल्लेले लोखंड काही परत भरून येत नाही, परंतु लाल थर सैल होऊन काळा पडतो आणि ब्रशने निघतो. पाणी दिलेल्या पट्ट्या आम्लात बुडवून ठेवू नयेत. पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो.

जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा. खरे तर लवकर उरकावे म्हणून मी ग्राइंडर भाड्याने आणण्याच्या बेतात होते. काकांनी नको म्हटल्याने हाताने घासत बसले, आणि धडाच्या मागील सपाट भागावर रंगाखालून नंबर पंचाने ठोकलेले तीन आकडे वर आले. ४१७. आकडे किंचित तिरपे होते. मला वाटले, कारखान्याचा क्रमांक असावा. बाबांनी चष्मा लावून पाहिले. “अगं, हा अण्णांचा तिकीट नंबर,” ते म्हणाले. “गिरणीतला.”

शेगडा आला १९८३ साली. तोवर तो नंबर कोणत्याही हजेरीपटावर उरला नव्हता.

नंतरचे काम थोडक्यात सांगते. धुऊन कोरडा केलेला बिडाचा भाग लगेच गंजू लागतो, म्हणून घसरता पृष्ठभाग व आट्यांवर ताबडतोब तेल लावले. रंगवावयाच्या भागांवर रेड ऑक्साइडचा हात दिला आणि वर हिरवा एनॅमल रंग चढविला. जबड्याच्या पट्ट्या गुळगुळीत झाल्या आहेत, पण नव्या बसविल्या नाहीत. पितळेसारख्या नरम कामाला त्याच बऱ्या. स्क्रूला ग्रीस दिले. नट झिजल्यामुळे दांडा फिरविताना पाव फेरा मोकळा जातो. तोही तसाच ठेवला. हातोड्याचे जुने घाव भरावे काय, असे काकांना विचारले, तर त्यांनी मान हलविली. आकड्यांवर मात्र रंग दिला नाही. तेथे महिन्यातून एकदा तेलाचे बोट फिरवावे लागते.

बाक मी गॅलरीतच, पूर्वीच्याच जागी लावला. गेल्या रविवारी स्वयंपाकघरातील नळ गळू लागला. प्लंबरला फोन करावयास मी आत गेले आणि बाहेर येऊन पाहते तो बाबांनी नळाचा दांडा शेगड्यात धरला होता. फार आवळला होता. मी त्यांना पाव फेरा सैल करावयास सांगितले.