व्यवसायोपचाराचे प्रात्यक्षिक शिक्षण आणि चित्रफितीचा उपयोग

व्यवसायोपचार हा शब्द ऐकला म्हणजे पुष्कळ पालक आम्हांस विचारतात, "यात रुग्णाला नोकरी लावून देतात काय?" येथे व्यवसाय म्हणजे केवळ उपजीविका नव्हे. अंघोळ करणे, लुगडे नेसणे, भाकरी थापणे, दप्तर भरणे, अशा ज्या कृतींनी माणसाचा दिवस भरलेला असतो, त्या सर्व या शास्त्राच्या दृष्टीने व्यवसायच होत. आजाराने वा अपघाताने त्या करता येईनाशा झाल्या, तर त्या पुन्हा किंवा निराळ्या रीतीने करता याव्यात, हे या उपचाराचे काम. आपल्या देशात हा विषय शिकवणारे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांच्या प्रयत्नांनी सुरू झाले. १९५२ साली या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा भारत त्याच्या संस्थापक सदस्यांत होता. त्या महासंघाच्या निकषांनुसार विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कार्यक्षेत्रात किमान १००० तास काम केलेले असावे लागते. पुस्तक वाचून हा विषय येत नाही, हे त्या आकड्यावरूनच कळावे.

आम्हा शिक्षकांची जुनी अडचण अशी की, रुग्णाच्या खाटेभोवती वीस विद्यार्थी उभे राहिले तर मागच्या रांगेला पुढच्यांच्या पाठीच दिसतात. रुग्णाला तीच गोष्ट दहा वेळा करायला लावणे तर अमानुषच. म्हणून आम्ही मुख्य कौशल्यांच्या चित्रफिती तयार केल्या. विद्यार्थी त्या वसतिगृहात मोबाइलवर पाहत, हव्या तिथे थांबवत, संथ गतीने पुन्हा पाहत. लेखी उत्तरे एकदम सुधारली, आणि आम्हांस वाटले की काम झाले.

ते झाले नव्हते. अर्धांगवायू झालेल्या माणसाला खाटेवरून व्हीलचेअरवर बसवण्याचे प्रात्यक्षिक चालू होते. रुग्णाची भूमिका वर्गातलाच एक मुलगा करीत होता. ज्याची पाळी होती, त्याने ती फीत सात-आठ वेळा पाहिलेली. क्रम त्याला तोंडपाठ होता: खुर्ची रुग्णाच्या सशक्त बाजूला, थोडी तिरकी लावायची; दोन्ही ब्रेक लावायचे; पायटे बाजूला करायचे; रुग्णाला खाटेच्या कडेशी आणून पावले जमिनीवर सपाट टेकवायची; धड पुढे झुकवायचे; दुबळा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवायचा; कमरेला धरून उठवायचे, वळवायचे आणि सावकाश बसवायचे. बोलताना एकही पायरी चुकली नाही. करताना मात्र त्याने रुग्णाचा दुबळा हात बगलेतून धरला आणि वर ओढला.

ही चूक लहान नाही. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि सांध्याला हाताचा भार पेलवत नाही. अशा वेळी हात ओढला तर सांधा जागेवरून सरकू शकतो, आणि मग जी वेदना सुरू होते ती महिनोन्‌महिने राहते. रुग्ण त्या हाताला कोणाला हात लावू देत नाही, व्यायामही थांबतो. (घरी असा रुग्ण असलेल्या वाचकांनी एवढे जरी लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.)

"तू हात ओढलास," असे सांगितल्यावर तो मनापासून म्हणाला, "सर, मी फितीतल्यासारखेच केले." सुदैवाने त्या दिवशी एका विद्यार्थिनीने प्रात्यक्षिक मोबाइलवर घेतले होते. तेच त्याला दाखवले. तो काही वेळ गप्प राहिला, मग स्वतःच फीत मागे नेऊन थांबवली आणि म्हणाला, "इथे. इथे माझा हात बगलेत गेला." दुसऱ्या खेपेला आम्हांस एक शब्दही बोलावा लागला नाही.

तेव्हापासून आमचा क्रम बदलला. शिक्षकाची फीत एकदा-दोनदा पाहायची, परस्परांवर करायचे, स्वतःचे चित्रण पाहायचे, त्यातली एक चूक स्वतः शोधून वहीत लिहायची, आणि मगच शिक्षकाच्या देखत रुग्णाला हात लावायचा. आमच्या जुन्या फितींतला एक दोषही या निमित्ताने उघड झाला. त्यांत खाट आणि खुर्ची एका उंचीची, खोली ऐसपैस, आणि रुग्ण सडपातळ! खेड्यातल्या घरात बाज असते, न्हाणीला उंबरा असतो, शौचकूप उकिडवे बसण्याचा असतो. ते आम्ही चित्रात घेतलेच नव्हते.

डोळ्यांवर चष्मा चढवून आभासी स्वयंपाकघरात वावरायला लावणारी साधनेही आता आली आहेत. ती निरुपयोगी नाहीत; पण अंग सोडून दिलेल्या माणसाचे वजन त्यांत नसते. स्प्लिंटचेही तसेच. प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून हातावर बसवायचा, आणि तो कडक होण्याआधी जेमतेम काही मिनिटे मिळतात. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला स्प्लिंट कुठे टोचते ते कळतच नाही. म्हणून थोड्या वेळाने ते काढून, मनगटाच्या उंचवट्यावर लाली आली आहे का, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटांनी तपासावे लागते.

चित्रणाचा एक उपयोग आम्हांस रुग्णांच्या घरच्यांनीच शिकवला. एका आजोबांना घरी न्यायचे होते. त्यांची मुलगी म्हणाली, "इथे मला जमते, पण गावी भाऊ उचलणार, त्याला कोण शिकवील?" आजोबांच्या संमतीने तिच्याच मोबाइलवर, तीच त्यांना खुर्चीत बसवत असतानाचे चित्रण आम्ही करून दिले. आता घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी विद्यार्थी अशा फिती करतात. त्यांत काम करणारे हात आणि सांगणारा आवाज घरच्या माणसाचाच असावा, असा आमचा आग्रह असतो. विद्यार्थ्याने मोबाइल धरून बाजूला उभे राहायचे, आणि हात चुकीच्या जागी गेला तर चित्रण थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.